एका औंसाचं पत्र

हल्ली कुणीही उठतो, एका पेनीचं तिकीट जिभेला लावतो, पत्र पेटीत टाकतो आणि शीळ घालत घरी जातो. माझा या प्रकाराला विरोध आहे. जी गोष्ट इतकी सोपी झाली तिच्याबद्दल माणसाला आदर राहत नाही. आमच्या वेळी पत्राचे पैसे ज्याला पत्र जायचं त्यानं मोजायचे असत, तेही कागद किती आणि रस्ता किती लांबचा हे बघून. त्यामुळे जिवाभावाच्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे त्याच्याच खिशात हात घालणं होतं. म्हणून आमची थिओडोशियाताई एकच कागद घ्यायची, तो वरपासून खालपर्यंत भरायची, मग आडवा फिरवायची आणि आधीच्या ओळींवरूनच पुन्हा लिहायची. परक्या माणसाला वाटावं, एखादी कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून फिरून गेली आहे. पण आमच्या घरातल्या बायका तो कागद चहा पिता पिता घडाघडा वाचत. मला ते आजही नीट जमत नाही आणि ज्यांना जमतं त्यांच्यापुढे मी टोपी काढतो.

तर त्या काळात एक पत्र फॉल्मथला रवाना करण्याचं काम माझ्याकडे आलं. लिहायचं नव्हतं, हे आधीच सांगतो. लिहिणं ताईचं. मला फक्त ते टपालात टाकायचं होतं.

पत्र होतं आमच्या धाकट्या बहिणीला, लव्हिनियाला. तिनं आठ वर्षांपूर्वी एझ्रा टॅलॅक नावाच्या एका फाटक्या धर्मोपदेशकाशी लग्न केलं. माणूस गरीब होता हे मी चालवून घेतलं असतं. पण त्यानं आमच्याच देवळात, पहिल्या बाकावर मी बसलेला असताना, प्रवचनाच्या वेळी झोपणाऱ्या जमीनदारांवर पाऊण तास प्रवचन केलं. तेही मी जागा झाल्यावर मला लोकांनी सांगितलं. मी लव्हीला म्हणालो, "याच्याशी लग्न केलंस तर माझ्या नावानं एक अक्षर पाठवायचं नाही." तिनं लग्न केलं आणि माझी आज्ञा तंतोतंत पाळली. आठ वर्षांत माझ्या नावानं एक अक्षर आलं नाही. बहीण इतकी आज्ञाधारक निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पत्रं यायची ती ताईच्या नावानं, आणि ताई ती न्याहारीच्या टेबलावर मोठ्यानं वाचायची. मला नव्हे. चहाच्या किटलीला. "ऐक हं," असं किटलीला म्हणायची आणि सुरुवात करायची. मी समोर वर्तमानपत्र धरून बसायचो. माझ्या शपथेला धक्का न लावता मला सगळं ऐकू यावं ही तिची युक्ती होती, आणि इतक्या नाजूक मनाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या गुरुवारी सकाळी ताईनं पत्र फोडलं आणि किटलीला म्हणाली, "ऐक हं. एझ्राला समुद्रापार हॅलिफॅक्सला नेमणूक मिळाली. सगळं बिऱ्हाड घेऊन निघालेत. फॉल्मथहून शनिवारी दुपारी जहाज सुटतंय. परत कधी येणं होईल ते देवाला ठाऊक, असं लिहिलंय पोरीनं."

मग ताईनं पत्राची घडी घातली आणि ती किटलीला टेकवून ठेवली.

"हॅलिफॅक्स म्हणजे फार लांब," मी वर्तमानपत्राला म्हणालो.

"बार्न्या," ताई म्हणाली, "आज चारच्या टपालगाडीनं पत्र गेलं तर शनिवारी सकाळी तिच्या हातात पडेल. पण प्रवासाच्या तोंडावर तिला पैसे मोजायला लावायचे नाहीत मला. सर ह्यूगोंकडून एक सही आणून देशील?"

"कुणासाठी?" मी विचारलं.

"किटलीच्या एका मैत्रिणीसाठी."

आता सही म्हणजे काय ते तिकिटांच्या काळातल्या लोकांना सांगायला हवं. पार्लमेंटच्या सभासदानं कोऱ्या कागदावर आपल्या हातानं पूर्ण पत्ता, गाव, तारीख लिहून खाली सही केली, की त्या कागदात गुंडाळलेलं पत्र फुकट जाई. अटी दोन. ते त्याच दिवशी टपालात पडलं पाहिजे आणि वजन एका औंसाच्या आत हवं. मी घोड्यावर बसलो. किटलीच्या मैत्रिणीसाठी एवढं करायला माझी हरकत नव्हती.

आमच्या परगण्याचे सभासद सर ह्यूगो सुजलेला पाय उशीवर ठेवून बसले होते.

"या थॉर्लो. सही ना? दिवसाला दहाच करता येतात. नऊ गेल्या. त्यातल्या सात आमच्या हिच्या मैत्रिणींना. लोणच्याची कृती विचारायला." त्यांनी कागद ओढला. "कुणाला म्हणालात?"

"मिसेस टॅलॅक. फॉल्मथ."

"म्हणजे तुमची धाकटी! अजून तिचं तोंड बघत नाही म्हणे तुम्ही?"

"मी फक्त कागद न्यायला आलोय," मी म्हणालो.

"बरं बरं. तोंड बघू नका, कागद न्या." त्यांनी लिहिलं, वाळू टाकली, माझ्या हातात दिलं. मी मानानं बाहेर पडलो आणि फाटकाशी येऊन पाहतो तर त्यांनी 'मिसेस टॅलो' लिहिलेलं. टॅलो म्हणजे मेणबत्तीची चरबी. माझी बहीण चरबी झाली होती.

परत गेलो तर दारातल्या बटलरनं हात आडवा केला. "साहेब झोपले."

"एकच अक्षर बदलायचंय."

"साहेबांना झोपेतून उठवलं की साहेब पक्ष बदलतात," तो म्हणाला. "गेल्या वेळी दोनदा बदलला."

देशाच्या कारभारात ढवळाढवळ करायची माझी इच्छा नव्हती. मी परतलो.

आमच्या गावात फुकट जाणारं पत्र ही गोष्ट लपून राहत नाही. मी घोड्यावरून उतरायच्या आत पाद्रीबाई मिसेस क्रम्प हजर. "थॉर्लोसाहेब, एवढासा टोपड्याचा नमुना आहे हो, कागदाचाच. आणि चार वाटाण्याच्या फुलांच्या बिया. लव्हिनियाला म्हणावं, तिथे लाव. इथे असताना खिडकीखाली लावायची ती." मी नाही म्हणणार तोच कर्नल ब्रॅकेट काठी टेकत आले. त्यांचा पुतण्या हॅलिफॅक्सच्या पलटणीत होता आणि पाय कोरडे कसे ठेवावेत यावर कर्नलनी त्याच्यासाठी नऊ पानं लिहिली होती. "पातळ कागद आहे," ते म्हणाले. मग स्वयंपाकघरातून मार्था आली. लव्हीला तिनं लहानाचं मोठं केलेलं. तिच्या हातात आल्याची बिस्किटं.

"मार्था, पत्रात बिस्किट जात नाही."

"इस्त्रीखाली दाबून पातळ करते, मालक."

"त्याचा भुगा होईल."

"भुगा तर भुगा. वास तरी जाईल धाकट्या बाईसाहेबांपर्यंत." आणि तिनं पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, डोळे पुसले. मी हात पुढे करून घेतलं.

ताईचं पत्र तयार होतं. एकच कागद, उभा-आडवा गच्च भरलेला. तिनं पाकिटाच्या कागदावरचा पत्ता वाचला आणि म्हणाली, "अरे, ही चरबी कोण?"

इथे कर्नल मधे पडले. "त्यात काय मोठंसं? एक गोल खोडा, एक काडी मारा. रणांगणावर आम्ही अख्खे हुकूम बदलत होतो."

"दुसऱ्याच्या हातचं अक्षर चालत नाही म्हणतात," ताई म्हणाली.

"कोण बघतंय!" कर्नल म्हणाले.

मी चाकूनं खरवडलं, शाई लावली. शाई पसरली. ती टिपायला वाळू टाकली, वाळू चिकटली. शेवटी जे नाव तयार झालं ते टॅलॅक होतं, पण आजारपणातून नुकतं उठलेलं टॅलॅक. मग घडी, लाख, शिक्का, आणि आमची वरात टपालकचेरीकडे निघाली. मी पुढे, मागे पाद्रीबाई, कर्नल आणि शेवटी मार्था. एका पत्रासोबत इतकी माणसं मी तोवर फक्त अंत्ययात्रेला पाहिली होती.

आमची टपालकचेरी म्हणजे मिसेस टक यांच्या दुकानातला डावा कोपरा. उजवीकडे चीज आणि फिती. मिसेस टक चीज विकताना काट्याकडे डोळेझाक करायची, टपाल घेताना मात्र तिनं देवालासुद्धा सोडलं नसतं. तिनं पत्र तराजूत ठेवलं. पारडं धाडकन खाली गेलं.

"थॉर्लोसाहेब, यात काय आहे?"

"पत्र."

"वास आल्याचा येतोय."

"भावनांनी भरलेलं पत्र आहे," मी म्हणालो.

"भावना एका औंसापर्यंत फुकट. त्यापुढे सगळ्याचे पैसे तिकडच्या बाईंना पडतील. भरभक्कम पडतील."

म्हणजे ज्या पोरीचे पैसे वाचावेत म्हणून एवढी धडपड केली, तिलाच दंड. मी लाख फोडली. आधी बिस्किटाचा भुगा काढला. मार्थानं तो परत एप्रनमध्ये घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. पारडं हललं नाही. मग कर्नलची पानं.

"पाचवं पान काढू नका," कर्नल म्हणाले, "फोडाचा उपाय त्यात आहे."

"चौथं?"

"चौथ्यात फोड आहे. फोडाशिवाय उपाय कशाला?"

सगळी काढली. टोपडंही गेलं. बियांची पुडी मिसेस क्रम्पनी स्वतःच उचलली आणि त्यातली एक बी गुपचूप परत ठेवली. "एकीचं काय वजन?" त्या म्हणाल्या. मिसेस टकनं चिमट्यानं ती बी उचलून काउंटरवर ठेवली. आता पारडं सरळ झालं. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि मिसेस टकनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे वळण सर ह्यूगोंचं नाही," ती म्हणाली.

मी शेगडीवर हात शेकू लागलो.

"खासदाराच्या सहीवर हात चालवणं म्हणजे काय ते ठाऊक आहे ना साहेब? पलीकडच्या गावच्या एका सभ्य गृहस्थांना सात वर्षं समुद्रापार धाडलंय यासाठी."

कर्नल ब्रॅकेट हळूच उजवीकडे सरकले आणि चीज न्याहाळू लागले.

मी छाती पुढे काढली. "मिसेस टक, माझे आजोबा या परगण्याचे न्यायाधीश होते."

"म्हणूनच मी काही पाहिलं नाही असं समजते," ती म्हणाली, आणि तो सहीचा कागद तिनं माझ्यासमोर शेगडीत टाकला. "आता साधं पाठवा. नाहीतर पैसे इथेच भरा."

हे 'इथेच भरा' आता ऐकायला किती सोपं वाटतं! पण पैसे आधी भरून पत्र पाठवणं म्हणजे घेणाऱ्याला तोंडावर सांगणं, की बाई, तुझी ऐपत नाही. ताईनं एकदाच, पहिल्या वर्षी, तसं केलं होतं. लव्हीनं ते न फोडता परत धाडलं, आणि मग चार महिने किटलीला ऐकायला काही आलं नाही. म्हणजे पैसे भरले तर पत्र परत येणार, आणि परत येईतो जहाज निघून गेलेलं. न भरले, तर पोरांच्या खाण्याचे पैसे ती पत्रावर घालणार. सही जळून गेलेली. घड्याळात चारला दहा मिनिटं कमी.

पत्र माझ्या हातात उघडं होतं. ताईचं पत्र मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. किटलीला ती आलेली पत्रं वाचून दाखवायची, गेलेली नव्हे. मी सहज नजर टाकली तर आडव्या ओळींत माझं नाव. 'बार्न्याचं मन अजून तुझ्याकडेच आहे,' असं होतं आणि पुढे 'ते व्हिनेगरमध्ये बुडवून झाकण घट्ट लावावं.' मी दचकलो. पुढची ओळ धरली. 'तुझं पत्र आलं की तो तीन आठवड्यांत मऊ पडतो, मग फोडी करून वाढावा.'

"अहो, तुम्ही उभं आणि आडवं एकत्र वाचताय," मिसेस क्रम्प मागून म्हणाल्या. "ती अक्रोडांच्या लोणच्याची कृती आहे. कागद असा धरा."

त्यांनी कागद फिरवून दिला. मग मला दिसलं ते असं:

'बार्न्याचं मन अजून तुझ्याकडेच आहे. तुझं पत्र आलं की तो वर्तमानपत्र समोर धरतो. मागच्या खेपेला तुझ्या धाकट्याच्या गोवराचं वाचलं तेव्हा ते उलटं धरलं होतं, आणि गोवर उतरल्याचं वाचेपर्यंत त्यानं अंड्याला हात लावला नाही. तुला राग येणं साहजिक आहे. पण मी रोज बघते म्हणून सांगते, तो तुला विसरलेला नाही. त्याला फक्त सुरुवात कशी करायची ते कळत नाही, आणि मोठ्या माणसाला ते शिकवायचं कसं हे मला कळत नाही. आठ वर्षं मी त्याची बातमी तुला कळवत आले. आता तू समुद्रापार गेलीस तरी कळवत राहीन.'

माझ्या अब्रूचं काय झालं असेल याची कल्पना करा. आठ वर्षं मी ताठ मानेनं जगत होतो, आणि दर पत्रातून त्या ताठ मानेचा सविस्तर अहवाल फॉल्मथकडे जात होता, लोणच्याच्या कृतीसकट. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढंच वाटलं, की या बाईनं एकटीनं, एका कागदावर, आमचं तुटलेलं घर आठ वर्षं टाके घालून धरून ठेवलं, आणि मला त्याचा आवाजसुद्धा येऊ दिला नाही.

बाहेर टपालगाडीचं शिंग वाजलं.

"मिसेस टक," मी म्हणालो, "माणसाला वजनाची अट आहे का?"

"गाडीवर? वर बसलात तर नाही."

"ओळखीच्या माणसानं खिशातून पत्र नेलं तर चालतं?"

"पैसे न घेता नेलं तर चालतं." तिनं चष्मा काढला. "पण साहेब, फॉल्मथ आहे ते."

"मग द्या इकडे सगळं!" मी म्हणालो. बियांची पुडी, टोपडं, कर्नलची नऊ पानं फोडासकट, आणि मार्थाचा भुगा, सगळं टोपीत भरलं आणि टोपी डोक्यावर घातली. गार्ड ओरडत होता. मी मिसेस क्रम्पना गाडीवरूनच सांगितलं, "ताईला सांगा, मी जेवायला नाही." नंतर कळलं, की हे ऐकून ताई एवढंच म्हणाली, "छत्री नेली का त्यानं?"

प्रवासाचं सांगत बसत नाही. वरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई तीन बदकं घेऊन बसली होती आणि माझ्या टोपीत आल्याचा भुगा होता, एवढ्यावरून काय ते समजा.

शनिवारी सकाळी फॉल्मथच्या बंदराजवळ, एका मासळीवाल्याच्या माडीवर मी दार ठोठावलं. दार लव्हीनं उघडलं. बाह्या वर सारलेल्या, हातात दोरी, मागे ट्रंका आणि पोरं. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"दादा! ताईला काय झालं?"

"काही नाही झालं. ठणठणीत आहे."

"मग तू कसा?"

"पत्र आणलंय," मी म्हणालो, आणि टोपी काढली. त्यातून आधी टोपडं पडलं.

तिनं पत्र घेतलं आणि उभ्या उभ्या वाचू लागली. उभं, मग आडवं, न अडखळता, अक्रोड वगळून. एझ्रानं मला न विचारता एक पोर माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवला. माणूस तसा वाईट नाही. मार्थाचा भुगा पोरांनी टोपीतूनच संपवला. लव्हीनं शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि वर पाहिलं. आता माझी पाळी आहे हे मला समजत होतं. वाटेत मी एक भाषण जुळवलं होतं. ते बदकांबरोबर एक्सेटरला उतरून गेलं.

"लव्ही," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"ऐकलं. पण हॅलिफॅक्सला पोचेपर्यंत मला वाटायला लागेल की मी चुकीचं ऐकलं." तिनं खुर्चीवरची गाठोडी बाजूला केली, एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला, एझ्राची लेखणी ठेवली. "लिहून दे."

मी लिहिलं. तीन ओळींना अर्धा तास लागला. 'प्रिय लव्हिनिया, माझं चुकलं. यापुढे तू मला पत्र पाठवावंस. तुझा भाऊ, बार्नबी थॉर्लो.' तिनं ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले. तिनं ते मनगटानं पुसले, आणि मग कागद माझ्याकडे परत सरकवला.

"आठ वर्षांचं एवढंच? सगळा कागद कोरा आहे, दादा. समुद्रापलीकडे कोरा कागद घेऊन जाऊ का मी?"

"काय लिहू? तू तर समोरच आहेस."

"दुपारनंतर नसेन. घरच्या गाईंपासून सुरुवात कर."

खाली बंदरात सामान चढवायला लागले होते. एझ्रा ट्रंका बांधत होता. लव्ही टेबलाच्या पलीकडे बसली होती, तिचा हात माझ्या हातापासून वीतभर लांब होता, आणि मी तिला पत्र लिहीत होतो.